एल्फांची पोटजात

‘एल्फ’ हा शब्द आता मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. टॉल्किन यांच्या कादंबऱ्या आणि त्यांवर निघालेले चित्रपट इथवर पोचल्यापासून टोकदार कानांची, दीर्घायुषी, अरण्यात राहणारी ही देखणी मंडळी आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. या एल्फांना पोटजाती आहेत, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. उच्च एल्फ, करडे एल्फ, वनएल्फ, जलएल्फ, दरीतले एल्फ, रानटी एल्फ, काळे एल्फ अशी ही यादी आहे. ती कुठल्याही पुराणात एकत्र सापडत नाही. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमपुस्तकांतून ती आकाराला आली.

इंग्रजीत या पोटविभागाला ‘सबरेस’ म्हणत. मराठीत त्याला ‘पोटजात’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो शब्द उच्चारला की आपल्याला जे ऐकू येतं ते इंग्रजी वाचकाला बहुधा ऐकू येत नसावं. जन्मावरून स्वभाव, जन्मावरून कसब, जन्मावरून वस्तीची जागा. म्हणूनच या विषयाकडे पोरखेळ म्हणून पाहून पुढे जाणं मला जमलं नाही. लोककथेतलं एखादं अस्तित्व खेळात येतं तेव्हा त्याची ‘जात’ कशी तयार होते, हे दोन स्कॉटिश शब्दांच्या आधारे या लेखात पाहायचं आहे. एक शब्द ‘ड्राउ’. तो पुढे जगप्रसिद्ध झाला. दुसरा ‘ग्रूअगाख’. तो आजही त्या खेळाच्या अडगळीत पडून आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. लोककथेतलं अस्तित्व ओळखलं जातं ते त्याच्या संबंधांवरून: कोणत्या गावाशी, कोणत्या घराशी, कोणत्या देण्याघेण्याने ते बांधलेलं आहे यावरून. खेळातली पोटजात ओळखली जाते ती तिच्या उपजत गुणांवरून. रूपांतर करताना संबंध गळतो आणि गुण उरतो. पुढचे सगळे वाद, अगदी परवापरवापर्यंतचे, या गळतीतून निघाले आहेत.

स्नोरीची विभागणी

एल्फांची पहिली लेखी विभागणी आइसलंडमध्ये झाली. स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) हा तिथला सरदार, कवी आणि इतिहासकार. सन १२२०च्या सुमारास त्याने ‘एड्डा’ नावाचा गद्यग्रंथ रचला. जुन्या नॉर्स कवितेतले देवादिकांचे संदर्भ नव्या कवींना कळेनासे झाले होते, ते समजावेत हा त्याचा हेतू. त्यात तो ओझरतं सांगून जातो की एल्फ दोन प्रकारचे आहेत. उजळ एल्फ वर आल्फहेइममध्ये राहतात आणि दिसायला सूर्याहून तेजस्वी असतात. काळोखे एल्फ जमिनीखाली राहतात, ते डांबराहून काळे असतात, आणि दोघांच्या स्वभावात त्याहून अधिक अंतर आहे. याच ग्रंथात इतरत्र ‘काळे एल्फ’ असा आणखी एक शब्द येतो, पण त्यांच्या जगात राहताना दिसतात ते ठेंगू लोहार. म्हणजे काळोखे एल्फ, काळे एल्फ आणि ठेंगू हे तीन की दोन की एकच?

या कोड्याने पुढच्या अभ्यासकांना बराच काळ गुंतवून ठेवलं. याकोब ग्रिम यांनी १८३५च्या ‘जर्मन पुराणकथा’ या ग्रंथात त्याचा ऊहापोह केला. आइसलंड सन १०००च्या सुमारास ख्रिस्ती झालं होतं, आणि स्नोरी त्यानंतर दोनशे वर्षांनी लिहीत होता. वर तेजस्वी आणि खाली काळे ही मांडणी देवदूत आणि पतित देवदूत यांच्या ख्रिस्ती कल्पनेवरून आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. स्नोरीहून जुन्या कवितांत एल्फांचे असे दोन तट दिसत नाहीत. जुन्या इंग्रजीतही नाहीत. तिथे एल्फ आजार देतो म्हणून वैद्यकाच्या पोथ्यांत त्यावर उतारे आहेत, आणि त्याच वेळी राजाचं नाव आल्फ्रेड, म्हणजे ‘एल्फांचा सल्ला लाभलेला’, असं ठेवलं जातं. एकच एल्फ बाधणारा आणि तोच मार्ग दाखवणारा. आपल्या गावदेवांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

टॉल्किन यांनीही स्नोरीचं हे कोडं आपल्या परीने सोडवलं. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्मरिलियन’मध्ये काळोखे एल्फ आहेत, पण ते दुष्ट नाहीत. पश्चिमेच्या देवभूमीतल्या दोन वृक्षांचा प्रकाश ज्यांनी पाहिला नाही, ते काळोखे. तिथे काळोख हा प्रवासाचा भाग आहे. कोण कुठवर चालत गेला आणि कोण वाटेत थांबला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच १९७७ साली अमेरिकेतल्या एका वेगळ्या पुस्तकात याच कोड्याचं अगदी उलट उत्तर छापलं गेलं. त्याकडे वळण्याआधी स्कॉटलंडला जाऊन आलं पाहिजे.

टेकडीतले ट्राउ, दगडावरचं दूध

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड हे द्वीपसमूह आहेत. १४६८–६९ पर्यंत ते नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाकडे होते. राजकन्या मार्गारेटच्या हुंड्यापोटी ते स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सकडे गहाण पडले आणि कधी सोडवले गेले नाहीत. तिथली नॉर्न भाषा अठराव्या शतकापर्यंत टिकली, आणि तिच्यातला ‘ट्रोल’ स्थानिक बोलीत ‘ट्राउ’ झाला. काही ठिकाणी ‘ड्राउ’.

हे ट्राउ हिरव्या टेकड्यांच्या पोटात राहतात. त्यांना फिड्लचं अतोनात वेड. गावातल्या वादकाला ते आपल्या लग्नसमारंभात वाजवायला घेऊन जातात. त्याला वाटतं एक रात्र झाली. बाहेर येऊन पाहतो तर वर्षं उलटलेली असतात. सुईण लागली तर तीही गावातूनच नेतात. ट्राउ सूर्योदयाला बाहेर सापडला तर सूर्य मावळेपर्यंत त्याला परत जमिनीखाली जाता येत नाही. शेटलंडमध्ये ट्राउंकडून शिकलेल्या मानल्या जाणाऱ्या धुना आजही वाजवल्या जातात. वॉल्टर स्कॉट यांनी १८२१च्या अखेरीस आलेल्या ‘द पायरेट’ या शेटलंडवरच्या कादंबरीत ‘ड्राउ’ हा शब्द वापरला आणि त्यांना नॉर्स ठेंगूंचे वारस म्हटलं. या कथांत ट्राउ शेजारी आहेत. त्रासदायक शेजारी, पण त्यांना आपलं संगीत लागतं, आपली सुईण लागते.

दुसरा शब्द पश्चिमेकडच्या गेलिक भाषेतला. ‘ग्रूअग’ म्हणजे केस, त्यावरून ‘ग्रूअगाख’ म्हणजे लांब केसांचा किंवा लांब केसांची. आयर्लंडच्या कथांत हा शब्द बलाढ्य मांत्रिकाला किंवा राक्षसी पुरुषाला लावतात. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये आणि पश्चिम बेटांवर मात्र ग्रूअगाख म्हणजे गुराढोरांची राखण करणारी शक्ती. कुठे ती स्त्री असते, कुठे पुरुष. संध्याकाळी धार काढली की थोडं दूध एका खोलगट दगडात ओतायचं. त्या दगडाला ‘क्लाख न ग्रूअगाख’, ग्रूअगाखचा दगड, म्हणत. दूध चुकलं तर गुरं उभ्या पिकात शिरत किंवा गोठ्यातली चांगली गाय दगावे. स्काय बेटाचे मार्टिन मार्टिन यांनी १७०३ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या दुधाच्या चालीची नोंद केली आहे. असे दगड बेटांवर आजही दाखवले जातात.

कोकणातल्या वाचकाला इथे राखणदाराची आठवण होईल, आणि ती अनाठायी नाही. दोघांचा वंश एक आहे असं मला म्हणायचं नाही. पण दोघांना ओळखण्याची रीत एक आहे. राखणदाराची उंची किती, तो किती फूट अंतरावरचं अंधारात पाहतो, असं कुणी विचारत नाही. त्याचं ठिकाण कोणतं, त्याला काय द्यायचं आणि न दिल्यास काय होतं, हे विचारतात.

आकड्यांचा खेळ

आता अमेरिका. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स हे युद्धखेळांचे शौकीन राहत. डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत त्यांनी तयार केलेला खेळ १९७४ साली बाजारात आला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. निकाल फाशांवर लागतो. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर शक्ती, चापल्य, बुद्धी अशा सहा गुणांचे आकडे असतात. तीन फाशांवर पडणारे, म्हणून तीन ते अठरा.

खेळात एल्फ पहिल्यापासून होते. टॉल्किन यांच्या ‘हॉबिट’चंही तसंच होतं, पण टॉल्किन यांच्या कथांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी कायदेशीर हरकत घेतली आणि १९७७च्या सुमारास ‘हॉबिट’चा ‘हाफलिंग’ झाला, ‘एंट’चा ‘ट्रीएंट’, ‘बालरॉग’चा ‘बालोर’. एल्फ मात्र कुणाच्या मालकीचा नव्हता. त्यामुळे जुन्या कोशांतले, लोककथांतले शब्द हे खेळ रचणाऱ्यांचं हक्काचं कोठार ठरलं. जितका शब्द अप्रसिद्ध तितका बरा, कारण त्यावर कुणी हक्क सांगत नाही आणि त्यात हवं ते भरता येतं.

१९७७ साली ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे प्राण्यांचं आणि अमानुषांचं सूचिपुस्तक आलं. प्रत्येक नोंदीला ठरलेले रकाने होते: किती संख्येने भेटतात, चिलखत किती, जीव किती, बुद्धी कोणत्या पातळीची. त्यात एक रकाना ‘अलाइनमेंट’चा होता. त्याला नीतिकल म्हणू. वाघ ‘तटस्थ’, ऑर्क ‘दुष्ट’, एल्फ ‘सुष्ट’. हा रकाना भरताना एकेका व्यक्तीचा विचार करायला जागा नव्हती. तो आख्ख्या जमातीसाठी एकदाच भरायचा होता. याच पुस्तकात एल्फांच्या नोंदीखाली चार ओळींत ड्राउंचा उल्लेख आला. ते खोल जमिनीखाली राहतात असं ऐकिवात आहे, वरचे एल्फ जितके उजळ तितके हे काळे, ते जितके चांगले तितके हे वाईट, असा त्याचा आशय.

गायगॅक्स यांना हा शब्द मिळाला कुठे? याबाबत त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं आहे. १९७९ साली ‘ड्रॅगन’ मासिकात त्यांनी टॉमस काइटली यांच्या परीकथांवरच्या जुन्या ग्रंथाचा हवाला दिला, तोही आठवणीवर विसंबून. पुढे एका जुन्या बृहत्कोशाचं नाव घेतलं. त्या कोशातली नोंद पाहण्यासारखी आहे. ती सांगते की ड्राउ हा स्कॉटिश शब्द असून लोककथांतल्या भूमिगत एल्फांची ही एक जमात धातुकामात कुशल मानली जाते, ‘ट्रोल’ पाहा. एवढंच. दुष्टपणाचा त्यात उल्लेख नाही, काळ्या कातडीचा नाही, कोळ्यांचा नाही. भूमिगत वस्ती आणि धातूचं कसब एवढं कोशातून आलं. काळा रंग स्नोरीकडून आला. उरलेलं गायगॅक्स यांनी भरलं.

ड्राउंचा उदय

भरलं ते मोठ्या ताकदीने भरलं, हेही सांगायला हवं. १९७८ साली आलेल्या साहसमालिकेत खेळाडू राक्षसी धिप्पाडांच्या तीन ठाण्यांवर चाल करून जातात. तिसऱ्या ठाण्यात त्यांना कळतं की यामागचे खरे सूत्रचालक वेगळेच आहेत. मग पुढच्या तीन पुस्तिकांत भुयारांमागून भुयारं उतरत ते ड्राउंच्या नगरीत पोचतात. तिथे कोळ्यांची देवी लोल्थ, तिच्या पुजारिणींच्या हाती सत्ता, सरदार घराण्यांची एकमेकांविरुद्ध कारस्थानं. ड्राउंची शस्त्रं अप्रतिम, पण सूर्यप्रकाशात आणली की झिजून नष्ट होणारी. शेटलंडच्या ट्राउला सूर्य बाधायचा. इथे त्याच्या तलवारीला बाधतो. धातुकाम आणि सूर्यभय हे दोन धागे एकमेकांत विणले गेले, आणि खेळाडूने लुटून आणलेली शस्त्रं फुकटात वापरू नयेत ही खेळाची गरजही भागली.

आकड्यांतही ड्राउ जबर होते. त्यांच्यावर मंत्र चालण्याची शक्यताच निम्म्यावर आणलेली, आणि ड्राउ जसा वरच्या पायरीचा तसं ते संरक्षण आणखी दोन-दोन टक्क्यांनी वाढणारं. साधा एल्फ अंधारात साठ फूट पाही, ड्राउ एकशेवीस. १९८१च्या ‘फीन्ड फोलिओ’ या दुसऱ्या सूचिपुस्तकात त्यांना कायमची जागा मिळाली. ज्यांना मारायचं अशी ही जमात होती. पण इतकी आकर्षक जमात आपल्याला खेळता का येऊ नये, असं खेळाडूंना वाटणं साहजिक होतं.

१९८५च्या ‘अनअर्थ्ड अर्काना’ या पुस्तकाने ती वाट उघडली. ड्राउ आता खेळाडूचं पात्र होऊ शकत होता. पण मग नीतिकलाचं काय करायचं? पुस्तकाने तोड काढली. खेळाडूचा ड्राउ हा स्वजनांतून बाहेर पडलेला, बहिष्कृत समजावा. कधी मतभेदामुळे, कधी घराण्यांच्या भांडणात हरल्यामुळे. म्हणजे जमातीचा रकाना तसाच राहिला आणि चांगल्या माणसाला जमातीबाहेर काढून जागा केली. हा उपाय आपल्याला नवा नाही. ‘तो त्यांच्यातला वाटत नाही’ हे वाक्य कौतुक म्हणून ऐकून घेतलेले अनेक जण आपल्या आसपास आहेत.

तीन वर्षांनी, १९८८ साली, आर. ए. साल्व्हातोरे यांच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ या कादंबरीत ड्रिझ्ट नावाचा ड्राउ आला. नायकाचा साथीदार म्हणून ऐनवेळी सुचलेलं हे पात्र नायकाहून मोठं झालं, आणि १९९०च्या ‘होमलँड’पासून त्याच्या जन्मनगरीची कथा सुरू झाली. जमात सोडून आलेला, जिथे जाईल तिथे कातडीवरून ओळखला जाणारा, प्रत्येक वेशीवर आपला चांगुलपणा नव्याने सिद्ध करावा लागणारा ड्रिझ्ट लाखो वाचकांना आपला वाटला. पण त्याचं सगळं मोठेपण एका गृहीतकावर उभं होतं: बाकीचे ड्राउ वाईटच आहेत.

ग्रूअगाखचं काय झालं

त्याच १९८५च्या पुस्तकात आणखी एक पोटजात खेळाडूंसाठी खुली झाली. रानटी एल्फ, म्हणजे ‘ग्रुगाक’. गेलिक शब्दातला एक स्वर वाटेत गळाला. त्याबरोबर गाय गेली, दूध गेलं, दगड गेला. उरले ते घनदाट अरण्यात राहणारे, परक्यांचा तिटकारा असलेले, वाटेत सापळे लावणारे एल्फ. मूळ ग्रूअगाख माणसाच्या गोठ्याशी बांधलेली होती. हे ग्रुगाक माणसापासून जितकं दूर राहता येईल तितकं राहतात. मूळ शब्दाचा अर्थ जवळपास उलटा झाला.

ड्राउंना नगरी मिळाली, देवी मिळाली, कादंबरीकार मिळाला. ग्रुगाकांना यातलं काहीच मिळालं नाही, आणि ते विस्मृतीत गेले. नोव्हेंबर २०१७मध्ये खेळाच्या सध्याच्या मालकांनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने, अप्रसिद्ध एल्फांच्या चार पोटजाती नव्या नियमांत बसवून खेळाडूंकडे चाचणीसाठी दिल्या. पंखवाले अव्हेरिअल, ग्रुगाक, सागरी एल्फ आणि छायालोकातले शॅडर-काय. त्या वेळच्या नियमांत पोटजात लिहिण्याचा साचा ठरलेला होता. सर्व एल्फांना चापल्यात दोन गुण अधिक, अंधारात दृष्टी, झोपेऐवजी चार तासांचं ध्यान. पोटजातीने त्यावर एका गुणात एक अंक वाढवायचा आणि दोनतीन वैशिष्ट्यं जोडायची. ग्रुगाकांच्या वाट्याला शक्तीचा एक अंक आला, भाला, धनुष्य आणि जाळं वापरण्याचं कसब आलं, वनस्पतिमंत्रातला एक छोटा मंत्र आला. सगळ्यांची सामायिक भाषा त्यांना येत नाही, असंही ठरलं.

साचा काटेकोर आहे आणि त्यामागे कारण आहे. एका टेबलावरची सर्व पात्रं साधारण तुल्यबळ राहिली पाहिजेत, नाहीतर खेळ मोडतो. अप्रसिद्ध पोटजात रूपांतरित करणाऱ्याचं कौशल्य या चारपाच ओळींत काय निवडावं यात असतं, आणि ते कमी प्रतीचं काम नाही. पण या साच्यात ‘हिला कोण दूध देतं’ असा रकाना नाही. असता तर ग्रुगाक वेगळे झाले असते. समजा, ग्रुगाकाचं बळ त्याने पत्करलेल्या एका घराच्या राखणीवर अवलंबून ठेवलं. घराने नेम पाळला तर बळ वाढतं. नेम मोडला तर ते त्याच घरावर उलटतं. मग त्या पात्राचा स्वभाव जन्माने ठरणार नाही, ते टेबलावर घडत जाईल. आकड्यांच्या तुल्यबळतेलाही त्याने धक्का लागू नये. २०१८ साली पुढचं पुस्तक आलं तेव्हा सागरी एल्फ आणि शॅडर-काय त्यात छापले गेले. अव्हेरिअल आणि ग्रुगाक वगळले गेले.

त्याच पुस्तकातला राक्षस

इथवर वाचून कुणी म्हणेल, स्कॉटलंडच्या भुताखेतांच्या जातकुळीशी आपल्याला काय करायचं आहे? तर ज्या १९७७च्या सूचिपुस्तकात ड्राउंचा पहिला उल्लेख आहे, त्याच पुस्तकात ‘राक्षस’ अशीही नोंद आहे. तो प्रथम भारतात आढळला असं सांगून पुढे त्याचं चिलखत, जीव आणि नीतिकल दिलं आहे. तो दुष्ट आहे, भासमान रूप घेतो, आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. सोबत डेव्हिड ट्रॅम्पिअर यांचं चित्र आहे. वाघाच्या तोंडाचा, घरगुती कोट घातलेला, पाइप ओढणारा राक्षस. चित्र बहारदार आहे. मंतरलेल्या बाणाची कल्पना मात्र रामायणातून आलेली नाही. १९७४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘कोलचॅक’ या भयमालिकेचा राक्षसावरचा एक भाग दाखवला गेला होता. त्यातला राक्षस विश्वासातल्या माणसाचं रूप घेतो आणि अभिमंत्रित बाणाने मरतो. तपशील इतके जुळतात की उगम तोच मानला जातो.

जो राक्षस आपल्याकडे रावण आहे आणि बिभीषणही आहे, तो त्या रकान्यात एकाच शब्दात बसला. दैत्यकुळात प्रल्हाद जन्मतो आणि त्याचा नातू बळी. दिवाळीत बलिप्रतिपदेला आपल्याकडच्या बायका त्याच बळीचं राज्य यावं अशी इच्छा करतात. त्याच दिवाळीत नरकचतुर्दशीला गोव्यात नरकासुराचे पुतळे जाळतात. एकाच सणात एक असुर जाळायचा आणि दुसऱ्याचं राज्य मागायचं, ही गुंतागुंत आपण फार विचार न करता सांभाळत आलो. विचार केला तो जोतीराव फुल्यांनी. १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा ठरवलं आणि पुराणांतल्या दैत्य-राक्षसांमध्ये जिंकले गेलेले मूळचे रहिवासी पाहिले. इतिहास म्हणून त्यांची मांडणी कितपत टिकते हा वेगळा वाद. पण एक प्रश्न त्यांनी नेमका विचारला: एखाद्या समाजाला दुष्ट म्हणून नोंदवणारा कोण आहे, आणि त्या नोंदीचा त्याला काय फायदा?

रकाना पुसताना

हाच प्रश्न अमेरिकेतल्या खेळाडूंनी आपल्या भाषेत विचारायला सुरुवात केली. काळी कातडी आणि दुष्टपणा एकत्र का? जमिनीखाली पिढ्यानपिढ्या राहणारे लोक तर फिके व्हायला हवेत. जून २०२०मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिकेत निदर्शनं चालू असताना, विझर्ड्स ऑफ द कोस्टने निवेदन काढलं. ऑर्क आणि ड्राउ यांना पुस्तकांनी ज्या तऱ्हेने दुष्ट रंगवलं ती तऱ्हा खऱ्या जगातल्या समाजांची ज्या तऱ्हेने बदनामी झाली तिच्याशी क्लेशकारकपणे मिळतीजुळती आहे, अशा अर्थाची कबुली त्यात होती. त्याच वर्षी नियम आले की जन्मजात वाढीव अंक खेळाडूने हव्या त्या गुणाला द्यावेत. २०२१ साली साल्व्हातोरे यांच्या कादंबरीत लोल्थच्या सत्तेबाहेर नांदणाऱ्या ड्राउंच्या नगरीची कथा आली. २०२४च्या नव्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द गेला, ‘स्पीशीज’ आला. वाढीव अंक पात्राच्या जन्माऐवजी पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याने काय काम केलं याच्याशी, जोडले गेले. ड्राउंना बाधणारा सूर्यप्रकाशही बाधेनासा झाला.

प्रतिस्पर्धी खेळ ‘पाथफाइंडर’ने दुसराच मार्ग धरला. २०२३च्या सुरुवातीला परवान्यांवरून मोठा तंटा झाला. त्यानंतर त्यांनी आपली पुस्तकं नव्याने लिहिली आणि त्यांतून ड्राउ काढूनच टाकले. शब्द कोशातला असला तरी काळ्या कातडीचे, कोळ्यांची देवी पुजणारे ड्राउ ही एका कंपनीची ओळखीची निर्मिती होती. १९७७ साली ‘हॉबिट’ ज्या कारणासाठी गेला, तशाच कारणाने सेहेचाळीस वर्षांनी एका खेळातून ड्राउ गेला. कोठारातून फुकट उचललेला शब्द मधल्या काळात कुणाच्यातरी मालकीचा झाला होता.

हे बदल मला योग्य वाटतात, पण अपुरे वाटतात. दुष्टपणाचा रकाना पुसला, म्हणजे जमात कोरी झाली. अंधारात एकशेवीस फूट पाहणारा, तीन मंत्र जाणणारा एल्फ उरला. तो आता कुणाचा शत्रू नाही, तसा कुणाचा शेजारीही नाही. शेटलंडच्या टेकडीतल्या ट्राउला गावचा फिड्लवाला लागे. तो त्याला चोरून नेई, आणि परत आलेला वादक धून घेऊन येई. त्या देवघेवीत भीती होती, तोटा होता, आणि संगीतही होतं. वाईट गुण काढून आणि चांगला गुण घालून ती देवघेव परत येत नाही. दोन्ही वेळा आपण गुणांचीच भाषा बोलत असतो.

लोककथा खेळात आणू नयेत असं मला म्हणायचं नाही. स्नोरीनेही जुन्या कथा नव्या साच्यात बसवल्याच होत्या, आणि त्याने त्या बसवल्या नसत्या तर त्यांतल्या कित्येक आपल्यापर्यंत आल्या नसत्या. गायगॅक्स यांच्यामुळे एका मरू घातलेल्या बोलीतला शब्द जगभर पोचला. आज आपल्याकडेही तरुण मुलं टेबलाभोवती बसून हा खेळ खेळतात, आणि वेताळ, मुंजा, राखणदार, आसरा यांना खेळात आणावं असं त्यांच्यातल्या कुणाला वाटणं स्वाभाविक आहे. त्यांनी ते जरूर करावं. फक्त कागद पुढे ओढताना पहिला प्रश्न ‘याची शक्ती किती’ असा न विचारता ‘याचं कुणाशी काय देणं लागतं’ असा विचारावा. साती आसरांना पाण्याच्या काठावरून उचलून नुसत्या सात जलदेवता केल्या, तर त्यांचं जे झालं असेल ते ग्रूअगाखचं झालं आहे.

ग्रुगाकांसाठी अजून कुणी नगरी रचलेली नाही, कादंबरी लिहिलेली नाही. २०२४च्या नियमपुस्तकात एल्फांचे तीन वंश दिले आहेत, ड्राउ, उच्च एल्फ आणि वनएल्फ. ग्रुगाक त्यांत नाहीत. ही उपेक्षा त्यांच्या पथ्यावरही पडू शकेल. कुणी मूळ गेलिक शब्दाकडे परत गेलं तर त्याला तिथे एक दगड सापडेल, संध्याकाळची धार सापडेल, आणि पाळायचा एक नेम सापडेल. तेवढ्यावर पोटजातीपेक्षा बरं काही उभं राहू शकतं.